किराळ, फऱ्या, बुळकांडी: राणीसावरगाव परिसरातील पशुपालनाची जोखीम

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात येते. या भागातील जातिवंत गुरे दोन: कंधारकडची लाल कंधारी आणि उदगीर-देवणीकडची देवणी. दोन्ही काटक, पण रोजच्या चरण्यातले धोके काटकपणाने टळत नाहीत.

सर्वांत दगाबाज धोका चाऱ्यातच असे. पावसाने ओढ दिली की कोवळी ज्वारी सुकते आणि तिच्या पानांत हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारे द्रव्य साठते. कापणीनंतर पाऊस झाला तर धसकटांना येणारे फुटवेही तितकेच घातक. दावे तोडून शेतात शिरलेले जनावर अधाशासारखे खाते, थोड्याच वेळात धापा टाकते, तोंडाला फेस येतो आणि ते कोसळते. यालाच किराळ लागणे म्हणतात. गुळाचे पाणी पाजणे हा घरचा उपाय. खरा उतारा म्हणजे शिरेतून दिलेले सोडियम थायोसल्फेट, पण तेवढा अवधी जनावर क्वचितच देते. तीच ज्वारी पक्व होऊन तिचा वाळलेला कडबा झाला की हा धोका बहुतांशी सरतो, म्हणून राखणीचा खरा काळ पीक गुडघ्याएवढे असतानाचा.

पावसाळ्यात फऱ्या हा रोग येई. त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि विशेषतः सहा महिने ते दोन वर्षांच्या धष्टपुष्ट वासरांना गाठतात. जनावर लंगडते, फऱ्यावरची सूज दाबली की चरचरते. त्यावर डागणी देत. तिने जनावराला चटक्याखेरीज काही मिळत नसे. पावसाळ्यापूर्वीची लस हाच खात्रीचा इलाज ठरला. घटसर्प या रोगाचेही तेच.

बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगापुढे मात्र घरगुती शहाणपण थिटे होते. या साथीने गोठेच्या गोठे रिकामे होत. गुरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी 1889 मध्ये पुण्यात प्रयोगशाळा निघाली आणि 1893 मध्ये ती कुमाऊंतील मुक्तेश्वरला हलली. पुढे तेथेच शेळ्यांमध्ये वाढवलेल्या विषाणूची लस तयार झाली. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम 1954 मध्ये सुरू झाली, तेव्हा हा भाग अजून हैदराबाद राज्यात होता. देशातील शेवटचा उद्रेक 1995 मध्ये नोंदला गेला आणि 2011 मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले.

परभणीत 1972 मध्ये कृषी विद्यापीठ आले. पीकपद्धती बदलली तशी जोखीमही बदलली. खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, तेव्हा किराळीचे प्रसंग कमी झाले. उलट खळ्यावरच्या राशीत तोंड घालून पोट फुगण्याची नवी भीती आली. आणखी एक धोका म्हणजे चाऱ्यासोबत गिळलेली तार किंवा खिळा जाळीपोटात अडकतो आणि तेथून थेट हृदयापर्यंत घुसू शकतो. नांगराच्या बैलांची जुनी खांदेसूज ट्रॅक्टरमुळे कमी झाली खरी, पण त्यासोबत बैलही कमी झाले. 2022 मध्ये महाराष्ट्रात लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची मोठी साथ आली, तेव्हा गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले आणि शेळ्यांच्या देवीची लस गायी-बैलांना टोचण्यात आली.