गडाचा पत्ता: माहूर आणि सिंधुदुर्ग

माहूरगड कोणत्या जिल्ह्यात? आज कोणीही नांदेड म्हणेल. पण १९५६ पूर्वीचे कागद उघडले तर तिथं आदिलाबाद सापडतं. हैदराबाद राज्यात किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि माहूर त्या तालुक्यात. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले. राजुऱ्याबरोबर माणिकगडही गेला. आपल्या यादीतले दोन गड एका दिवसात परजिल्ह्याचे झाले.

हे फक्त आपल्या सीमाभागातच घडतं असं नाही. मालवणच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग बांधायला घेतला. १ मे १९८१ पर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्यात होता. मग त्याच्याच नावाचा जिल्हा झाला. गड जागेवरच, पत्ता मात्र बदलला.

म्हणून मला जिओकॅशिंग या खेळाबद्दल लिहावंसं वाटतं. २ मे २००० रोजी अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली. शंभर मीटरपर्यंत चुकणारी जागा आता दहा-वीस मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनच्या जंगलात एक बादली ठेवली, आत वही-पेन्सिल आणि किरकोळ वस्तू. जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधणाऱ्यानं यायचं, वहीत नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची.

सिंधुदुर्ग संरक्षित स्मारक आहे; तिथं तटाच्या फटीत डबा कोंबणं बरोबर नाही. त्यासाठी या खेळात बिनडब्याचा प्रकार आहे. जागा द्यायची आणि तिथं गेल्याशिवाय उत्तर येणार नाही असा प्रश्न विचारायचा. सिंधुदुर्गाचा मुख्य दरवाजा बुरुजांच्या आड आहे, समुद्रातून पाहणाऱ्याला दिसत नाही. मग प्रश्न असा: होडीतून उतरल्यावर किती पावलांनी दरवाजा दिसला? उत्तर देताना माणूस बांधणाऱ्याची युक्तीच समजून घेतो.

आपल्याकडे मात्र 'गडावर शोधायचं' म्हटलं की काहींना गुप्तधन आठवतं. कुदळ पडते आणि भिंतीखालचा इतिहास जातो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. त्यामुळे खणणारा शोध लपवतो, आणि वस्तू कुठं, कोणत्या थरात होती हे कायमचं पुसलं जातं.

तेव्हा मंडळींना एक सुचवतो. उटनूर, माहूर, माणिकगड, कुठंही गेलात तर दरवाजा, विहीर, शिलालेख यांची नोंद करा: फोटो, तारीख आणि दशांशानंतर चार आकड्यांपर्यंत अक्षांश-रेखांश. चौथा आकडा म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे अकरा मीटर. एवढ्यात दरवाजा सापडतो. जिल्ह्याचं नाव लिहाच, पण कोणत्या सालचं तेही लिहा. एकच पथ्य: उघड्यावर पडलेल्या मूर्तींची नेमकी जागा जाहीर करू नका, ती मंडळाच्या वहीतच राहू द्या. कुदळवाल्यालाही नकाशा वाचता येतो.

उद्या पुन्हा सीमा हलली, तरी त्या आकड्यांवर पोहोचणाऱ्याला आपण पाहिलेलाच दरवाजा दिसेल.