बहुभाषिक भाषार्जन (वरूड परिसर)

पहिली भाषा रुळत असताना किंवा रुळल्यानंतर माणूस आणखी भाषा कशा उचलतो, त्या किती वाढतात आणि वापर सुटला की कशा गळतात, या आयुष्यभर चालणाऱ्या प्रक्रियेला बहुभाषिक भाषार्जन म्हणतात. अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य टोकाचा, मध्य प्रदेशाला लागून असलेला वरूड तालुका हे तिचे चांगले उदाहरण आहे. येथे घरात वऱ्हाडी, शाळेत प्रमाण मराठी, व्यापारात हिंदी आणि कागदोपत्री थोडी इंग्रजी असा सरसकट व्यवहार चालतो. सातपुड्याच्या बाजूने कोरकू आणि गोंडीही येऊन मिळतात.

भाषा कोणत्या क्रमाने येणार, हे पुष्कळदा सीमारेषा ठरवते. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि मराठी-हिंदी असा दुभाषिक कारभार सुरू झाला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत वऱ्हाड मुंबई राज्यात आले; पांढुर्णा-सौंसरचा मराठीभाषक पट्टा मात्र मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून घरची बोली जवळपास तीच असूनही पांढुर्ण्याच्या मुलाचे शिक्षण मुख्यतः हिंदीतून होते, तर वरूडच्या मुलाला हिंदी पाचवीत विषय म्हणून भेटते. इंग्रजी 2000 पासून पहिलीतच आली. अर्थात पाचवीपर्यंत हिंदी अडून बसलेली नसते. चित्रपट, टीव्ही आणि बाजार यांनी ती कानावर पडलेलीच असते, आणि लिपी एकच असल्याने वाचनाची वेगळी तयारी लागत नाही. शिक्षकाच्या वाट्याला बहुतेक दुरुस्तीचेच काम येते.

प्रौढ वयातले भाषार्जन पाहायचे तर संत्र्याच्या बागेत जावे. आंबिया बहार हिवाळ्याच्या तोंडाशी उतरतो, मृग बहार त्यानंतर. उत्तरेकडचे व्यापारी येऊन उभ्या बगीच्याचा सौदा करतात. शेतकरी इसार म्हणतो, व्यापारी बयाना, पैसे तेच. ‘अडीच’ला ‘ढाई’ आणि ‘दीड’ला ‘डेढ’ हे पहिल्याच हंगामात कळते, कारण न कळण्याची किंमत लगेच मोजावी लागते. समज आधी येते, बोलणे मागून. कित्येक सौदे दोघेही आपापल्या भाषेत बोलून पुरे करतात. भाव, वजन, फळगळ, मजुरी एवढ्यापुरती शेतकऱ्याची हिंदी सफाईदार होते, पण घरगुती दुःख सांगायची वेळ आली की तीच अडखळते. दुभाषिक माणसाच्या भाषा एकमेकींची नक्कल नसून कामे वाटून घेतात, हे फ्रान्स्वा ग्रोजाँ यांचे प्रतिपादन येथे तंतोतंत लागू पडते. अशा माणसाला ‘अर्धवट हिंदी येणारा’ ठरवणे अन्यायाचे आहे.

शिकणाऱ्याच्या चुकांनाही नियम असतात. लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये या मधल्या अवस्थेला स्वतंत्र व्यवस्था मानले. मराठीत तिला अंतरभाषा म्हणता येईल. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून परप्रांतीय व्यापारी सहज ‘झाड मोठा’ म्हणून जातो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेदही त्याला जड जातो, कारण हिंदीत दोन्हींना ‘हम’च पुरतो. मेळघाटातून मजुरीला उतरणाऱ्या कोरकू माणसाचे उलट असते. कोरकू मुंडा गटातली भाषा असून तिच्यात ऐकणाऱ्याला धरून आणि वगळून असे वेगळे ‘आम्ही’ आहेत. त्यामुळे मराठीतला हा भेद त्याला ओळखीचा वाटतो. मात्र निर्जीव वस्तूंना तीन लिंगे का, हे कोडे राहते, कारण कोरकूची विभागणी सजीव-निर्जीव अशी आहे. म्हणजे पुढची भाषा किती सोपी, हे पदरी असलेल्या सगळ्या भाषांवर अवलंबून असते.

प्रभाव उलट दिशेनेही वाहतो. ‘काय करून राहिला बे’ या वऱ्हाडी वाक्यातली क्रियापदाची जोडणी हिंदीतल्या ‘कर रहा है’ला समांतर आहे. पुण्याकडे तिला हसतात. पण दीर्घकाळच्या शेजाराने व्याकरणे अशी जवळ येतातच. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, उर्दू आणि कन्नड यांची वाक्यरचना किती सारखी झाली आहे, हे जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये दाखवले.

वरूडशेजारच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे प्रौढपणी दुसरी भाषा आपलीशी केल्याचे जुने उदाहरण. महानुभाव परंपरेनुसार गुजरातेतून आलेल्या चक्रधरांना तेथे गोविंदप्रभू भेटले. पुढे चक्रधरांनी मराठीतून केलेले निरूपण म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त संकलित केले. विसाव्या शतकात याच जिल्ह्यातील तुकडोजी महाराजांनी मराठी आणि हिंदी दोन्हींत भजने रचली. शालेय शिक्षण थोडे, पण भटकंती आणि सत्संग पुष्कळ, हीच त्यांची भाषाशाळा.

जनगणनेत मातृभाषेखेरीज आणखी दोनच भाषा नोंदवता येतात, आणि वऱ्हाडी मराठीतच मोजली जाते. कोरकू, मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या मजुराला गोंडीही येत असली, तर ती कोणत्याच रकान्यात पडत नाही.