लिगो-इंडिया आणि हिंगोलीतील आदिवासी विज्ञानशिक्षण

गुरुत्वीय लहरी टिपणारी भारतातील पहिली वेधशाळा, लिगो-इंडिया, हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली.

परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमाती सुमारे साडेनऊ टक्के असून त्यांत आंध प्रमुख आहेत. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय कळमनुरीला आहे. आंधांच्या घरात मराठीच बोलली जाते. त्यामुळे गोंड वा कोरकू मुलांना पहिलीतच जाणवणारे भाषेचे अंतर येथे नाही. खरी अडचण रोजगारासाठी होणाऱ्या हंगामी स्थलांतराची आहे. आईबाप गाव सोडून गेले की मुलांचे शिक्षण आश्रमशाळेच्या आधारानेच टिकते, म्हणून विज्ञानप्रसाराची सुरुवातही तेथूनच व्हायला हवी.

वेधशाळेला गावकऱ्यांचे सहकार्य लागते ते निव्वळ सौजन्य म्हणून नव्हे. तिच्या चार-चार किलोमीटरच्या काटकोनी भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक मोजायचा असतो. जवळची जड वाहतूक किंवा खाणीतला सुरुंग एवढ्यानेही मोजमाप बिघडते. परिसर अनेक दशके शांत ठेवायचा, तर तेथे काय चालते हे शेजारच्या वाडी-तांड्यांना कळले पाहिजे. प्रकल्पातील पुण्याच्या आयुका संस्थेने लोकशिक्षणाचे काम हाती घेतले आहे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारी तिची मुक्तांगण विज्ञान शोधिका २००४पासून चालू आहे. तो अनुभव आश्रमशाळांना थेट उपयोगी पडेल.

अमेरिकेत लिव्हिंग्स्टनच्या लिगो वेधशाळेजवळ २००६ मध्ये विज्ञानशिक्षण केंद्र सुरू झाले. प्रामुख्याने कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेले सदर्न विद्यापीठ त्यात भागीदार होते आणि शिक्षक-प्रशिक्षणावर भर होता. हवाई बेटांवर दुर्बिणीच्या जागेवरून मूळ रहिवाशांचे आंदोलन २०१५ मध्ये पेटले. पुढे तेथील हवाईयन भाषेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी दोन लघुग्रहांना दिलेली नावे २०१९ मध्ये अधिकृत झाली. स्थानिकांशी असा संवाद हिंगोलीत वेधशाळा उभी राहण्याआधीच घडवता येतो, ही मोठी संधी आहे.

भुजांमधील सुमारे सव्वा मीटर व्यासाच्या पोलादी नळ्या निर्वात ठेवायच्या असतात. त्यासाठी शास्त्रज्ञांइतकेच वेल्डर, निर्वात पंपांचे तंत्रज्ञ आणि इलेक्ट्रॉनिक्सचे पदविकाधारक लागतील. आज आठवीत असलेली आंध मुलगी आयटीआय किंवा तंत्रनिकेतनाच्या वाटेने या कामावर पोहोचू शकते. मात्र त्या अभ्यासक्रमांची सोय कळमनुरी-औंढ्यातच आणि वसतिगृहासह व्हायला हवी.