आईच्या रक्तातून आलेली शिदोरी

‘गोवराची लस नऊ महिन्यांनीच का? जन्मल्याबरोबर का नाही?’ लसीकरणाच्या दिवशी बाळाला घेऊन आलेली आई हमखास विचारते. आईकडून बाळाला मिळणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या विषयात शिरायला यापेक्षा चांगली वाट नाही. आईला लहानपणी गोवर येऊन गेला असेल किंवा तिने लस घेतली असेल, तर तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. ती लशीतल्या दुबळ्या विषाणूलाही सोडत नाहीत, मग लस दिली तरी वाया जाण्याची शक्यता फार. थांबावे, तर शिदोरी संपलेले बाळ गोवराच्या तावडीत सापडू शकते. नऊ महिने ही या ओढाताणीतली तडजोड आहे.

या अभ्यासाचा पाया पॉल एर्लिक यांनी 1892 मध्ये उंदरांवर घातला. त्यांनी वापरलेली विषे आपल्या ओळखीच्या बियांमधली होती: एरंड आणि गुंज. विष पचवायला शिकलेल्या मादीची पिल्ले तगली, नराची प्रतिकारशक्ती मात्र पिल्लांत उतरली नाही. मग त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली. साध्या मादीची पिल्ले विष पचवणाऱ्या मादीच्या दुधावर वाढवली, तर तीही वाचली. प्रयोग कसा रचावा हे शिकायचे असेल, तर हा जरूर अभ्यासावा.

उंदरात दूध जे करते, ते माणसात मुख्यतः वार करते. वारेच्या पेशी आईच्या रक्तातला द्रव गिळतात. त्यातल्या आयजीजी प्रतिपिंडांना एक ग्राही रेणू धरून ठेवतो आणि पलीकडे बाळाच्या रक्तात सोडतो. हा व्यवहार गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत सर्वांत जोरात चालतो, त्यामुळे दिवस भरलेल्या बाळात आयजीजी आईपेक्षाही जास्त भरते आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ उपाशी राहते. आईच्या चिकातली आयजीए प्रतिपिंडे रक्तात फारशी जात नाहीत, ती घशात आणि आतड्यात पहारा देतात. गाईचे उलट आहे: तिची वार प्रतिपिंडे जाऊच देत नाही, आणि वासराचे आतडे ती जेमतेम पहिला दिवसभर शोषते. खरवस खाताना वासराचा वाटा आधी निघाला होता ना, एवढे विचारायला हरकत नाही.

आईकडून आलेले सगळे हितकारकच असते, हा समज डेंग्यूने मोडला. बँकॉकमध्ये दिसले की डेंग्यू होऊन गेलेल्या आयांची बाळे पहिले काही महिने सुरक्षित राहतात, पण साधारण सहा ते आठ महिन्यांच्या वयात, पहिल्याच संसर्गात, गंभीर आजारी पडू शकतात. विरळ झालेली प्रतिपिंडे विषाणूला मारू शकत नाहीत, उलट पेशीत शिरायला मदत करतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

आता गरोदर बाईलाच लस देऊन बाळाचे रक्षण करण्याकडे कल आहे. बांगलादेशातल्या चाचणीत (2008) आईला फ्लूची लस दिल्यावर बाळांमधला फ्लू 63 टक्क्यांनी घटला. 2023 मध्ये आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवरची अशीच लस अमेरिकेत मंजूर झाली. ती 32 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान देतात.

वाचकांना एवढीच विनंती, की या विषयावरचा कोणताही तक्ता पाहताना आधी बाळाचे वय पाहावे, प्रतिपिंडांचा आकडा नंतर.