जीन्सची कुळकथा

जीन्सच्या पुढच्या खिशाच्या कोपऱ्यावर बोट टेकवा. तांब्याची बारीक टिकली हाताला लागते. हा रिव्हेट. जीन्सचं कूळ सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

नेवाडातल्या रीनो गावात जेकब डेव्हिस हा शिंपी तंबू आणि घोड्यांच्या झुली शिवायचा. 1870-71 च्या हिवाळ्यात एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली. नवऱ्याच्या अंगावर विजार टिकत नाही, चांगली दणकट शिवून द्या, म्हणाली. झुलींचे पट्टे ठोकायचे रिव्हेट समोरच पडले होते. डेव्हिसने तेच खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. खिसे उसवायचे थांबले आणि गिऱ्हाईक वाढलं. तेव्हा त्याने सान फ्रान्सिस्कोचे कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना पत्र लिहिलं: या रिव्हेटचं पेटंट मिळून घेऊ. 20 मे 1873 रोजी पेटंट मिळालं.

पण पेटंटचा कागद रिव्हेटपुरतंच बोलतो. पुढचं भाषेला विचारावं लागतं. ‘जीन’मध्ये इटलीचं जेनोआ आहे, तर ‘डेनिम’चा माग फ्रान्सच्या नीम शहराकडे जातो. अमेरिकेत अशाच कपड्यांना ‘डंगरीज’ही म्हणत, आणि हा शब्द थेट आपल्या मुंबईच्या डोंगरीचा. तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाचं नाव इंग्रजांच्या तोंडी बसलं, जहाजांवरून फिरलं आणि 1901 साली अमेरिकी नौदलाच्या गणवेशापर्यंत पोचलं.

रंगाची गोष्ट धाग्यात आहे. डेनिमचा ताणा निळा, बाणा पांढरा. नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत मुरत नाही. वरचा थर झिजला की आतला पांढरा दिसतो. म्हणून गुडघे, खिसे, मांड्या वापरणाऱ्याच्या सवयीप्रमाणे विटतात. याच निळीच्या मागे गेलं की 18 व्या शतकातल्या साउथ कॅरोलायनात पोचतो. तिथल्या निळीच्या मळ्यांत राबले ते गुलाम. हे शिंप्याच्या दुकानात बसून कळत नाही, त्याला इतिहासच लागतो.

अमेरिकेचं रोजचं जगणं समजून घ्यायचं तर शिवण, शब्द, रसायन, कायदा आणि गुलामगिरीचा इतिहास एकत्र वाचायला हवा, हे मला जीन्सने पटवलं. यातली एक वाट सोडली तरी कुणीतरी माणूस नजरेआड होतो.

पेटंटवर लाकूडतोड्याच्या बायकोचा उल्लेख नाही. पेटंटवरून पुढे खटला झाला, त्यात डेव्हिसने दिलेल्या साक्षीत ती भेटते. कोर्टाचं ते दप्तर कुणी उघडलं नसतं, तर मजबूत विजार मागणारी ती बाई आपल्याला कधीच दिसली नसती.