नारळी पौर्णिमा आणि १ ऑगस्ट

कोंकणच्या समुद्राचा इतिहास लिहिणारांनीं आरमारें, जलदुर्ग आणि परदेशी वखारी यांचा विचार पुष्कळ केला आहे. परंतु ह्या सर्वांवर ज्याची सत्ता चालली, त्या पावसाळ्याकडे त्यांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. जूनच्या आरंभीं नैर्ऋत्येचा वारा सुटला म्हणजे दर्या खवळतो, खाड्यांच्या मुखाशीं लाटा फुटूं लागतात, आणि शिडाच्या होडीस बाहेर पडण्याची सोय राहत नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभींच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराचें स्वतंत्र प्रकरण आहे. पर्जन्यकाळापूर्वीं गलबतें सुरक्षित बंदरीं छावणीस आणावीं, अशी ताकीद त्यांत दिली आहे. जेथें राजाच्या गलबतांस माघार घ्यावी लागे, तेथें कोळ्याच्या होडीची काय कथा!

ह्या सक्तीच्या माघारीनेंच कोळ्यांचें वर्ष आंखलें गेलें. पाऊस ओसरल्यावर वसई-वेसाव्याकडील कोळी खुंटांना बांधलेलें डोलीचें जाळें भरती-ओहोटीच्या ओढींत सोडीत. त्यांत बोंबील, करंदी व जवळा सांपडे, आणि कोरड्या उन्हांत बोंबील वलांडीवर वाळत. दक्षिणेस मालवणाकडे बांगड्याचे थवे किनाऱ्यालगत येत, तेव्हां अनेक हात मिळून रापण ओढीत आणि मिळालेल्या मासळीचे वांटे करीत. वैशाख सरतां सरतां आगोटीची बेगमी सुरू होई. सुकी मासळी, तांदूळ आणि जळण घरांत येई; होड्या वर ओढून झांपांनीं शाकारल्या जात. पुढचे दोन-अडीच महिने जाळीं विणण्याचे, आणि ज्यांची बेगमी अपुरी पडे त्यांच्या घरीं कर्जाचेही असत. म्हणूनच श्रावणी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करण्यांत भक्तीइतकीच सुटकेची भावना असे.

येथें कोणी म्हणेल कीं, ही विश्रांति शहाणपणाची नसून केवळ नाइलाजाची होती. तें आम्हांस मान्य आहे. पण नाइलाजानें पाळलेल्या नियमाचा लाभ कांहीं कमी नव्हता. पुष्कळ जातींच्या माशांचा विणीचा काळ ह्याच महिन्यांत येतो. शिवाय नद्यांच्या पुरानें व समुद्राच्या घुसळणीनें पोषक द्रव्यें पाण्यांत मिसळतात, सूक्ष्म जीव वाढतात, आणि पिलांना अन्न मिळतें. शरदांतील सुगीचें बीज आषाढांत पडे, तें असें. दुसरा लाभ सामाजिक होता : दर्या सर्वांनाच सारखा बंद असल्यामुळें घरीं बसल्यानें कोणी मागें पडत नसे.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत होडीस यंत्र बसलें, पाठोपाठ नायलॉनचीं जाळीं व ट्रॉलर आले, आणि निसर्गाचें कुलूप सैल झालें. जें पूर्वीं वारा करी, तें आतां सरकारास करणें प्राप्त झालें. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा. पुढें कांहीं वर्षें येथील बंदीचा काळ १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकीं आधीं येणाऱ्या दिवसापर्यंत धरीत; सरकारी हुकुमांत तिथीस मिळालेला हा मान लक्षांत घेण्याजोगा आहे. २०१५ सालीं केंद्र सरकारनें पश्चिम किनाऱ्यासाठीं १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरविले, आणि तिथी मागें पडली.

ह्या दोन कालगणनांतील अंतर लहान नाहीं. २०२० सालीं नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला आली. २०२३ सालीं अधिक श्रावणामुळें ती ३० ऑगस्टपर्यंत लांबली. अशा वर्षीं जो कोळी तिथीची वाट पाहील, त्याचा महिना बुडणार. आणि मोठें यंत्र असलेला शेजारी १ ऑगस्टलाच, दर्या पुरता निवळण्यापूर्वीं, पहिली मासळी घेऊन येणार. कायद्यानें दोघांनाही मोकळीक सारखीच दिली. पण ती घेण्याचें सामर्थ्य दोघांपाशीं सारखें नाहीं.

तिथी पुन्हां कायद्यांत आणावी, असा आमचा आग्रह नाहीं. अधिक मास माशांच्या विणीस विचारून येत नाहीं. परंतु बंदीचे दिवस ठरवितांना मासा किती वांचतो ह्याबरोबरच लहान होडी केव्हां सुखरूप निघूं शकते, हेंही पाहिलें पाहिजे. वाऱ्याच्या अंमलांत हे दोन्ही हिशेब आपोआप जुळत. आतां ते जुळविण्याचा भार माणसांवर आला आहे, आणि तो टाळल्यास नारळ अर्पण करण्याचा विधि तेवढा उरेल; त्या दिवशीं सर्वांनीं एकत्र दर्यांत उतरण्याची रीत उरणार नाहीं.