घरातला राउटर कोणाचा? एका हक्काचा इतिहास

१/ ब्रॉडबँड जोडणी घेताना कंपनी देईल तो राउटर स्वीकारावा, की बाजारातून पसंतीचा आणावा? आज हा साधा घरगुती प्रश्न वाटतो. मात्र तो विचारण्याची मुभा ग्राहकाला सहजासहजी लाभलेली नाही. तिच्यामागे सहा दशकांचा झगडा आहे. #थ्रेड #इतिहास

२/ विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील टेलिफोन व्यवस्थेवर एटी अँड टी कंपनीचे जवळजवळ एकछत्री राज्य होते. तार तिची, यंत्रही तिचेच. ग्राहक केवळ भाडेकरू. परके उपकरण जोडण्यास नियमानेच बंदी होती. कारण सांगितले जाई ते जाळ्याच्या सुरक्षिततेचे.

३/ ही बंदी किती टोकाची? ‘हश-अ-फोन’ हे फोनच्या तोंडाशी बसवायचे पेल्यासारखे आवरण. त्यात ना वीज, ना तार. बोलणे शेजारच्याला ऐकू जाऊ नये, एवढाच हेतू. कंपनीने तेही निषिद्ध ठरवले आणि सरकारी दूरसंचार आयोगाने तिची बाजू घेतली. अखेर १९५६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला.

४/ त्यानंतर उभे राहिले टेक्सासचे थॉमस कार्टर. त्यांचा ‘कार्टरफोन’ दूरवरच्या माणसाचा रेडिओ टेलिफोनशी जोडून देई. रिसीव्हर त्यावर ठेवला की आवाज पलीकडे पोहोचे. विजेची जोडणी नव्हतीच. कंपनीने तरीही हरकत घेतली. कार्टर न्यायालयात गेले आणि प्रकरण आयोगापुढे आले.

५/ जून १९६८ चा निकाल युगप्रवर्तक ठरला : जाळ्याला अपाय न करणारे उपकरण ग्राहक जोडू शकतो. पुढे नोंदणीचे नियम आले, ठरावीक मापाचे प्लग-सॉकेट आले. फॅक्स, आन्सरिंग मशीन आणि मोडेम यांची खुली बाजारपेठ याच पायावर उभी राहिली. १९८१ चा हेज कंपनीचा ‘स्मार्टमोडेम’ हे त्याचेच फळ.

६/ पुढचा टप्पा बिनतारी. डिसेंबर २००२ मध्ये लिंकसिसचा निळा-काळा ‘डब्ल्यूआरटी५४जी’ राउटर बाजारात आला. २००३ मध्ये उघड झाले, की त्याच्या आत लिनक्स आहे. लिनक्सच्या परवान्यानुसार सोर्स कोड देणे बंधनकारक होते. तो खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ प्रकल्प जन्मला.

७/ आता ग्राहक केवळ डब्यावर नव्हे, आतल्या प्रणालीवरही हक्क सांगू लागला. २००५ मध्ये कंपनीने नव्या आवृत्तीतून लिनक्स काढले, मेमरीही निम्मी केली. परंतु जाणकारांची मागणी अशी, की लिनक्सचे जुने रूप ‘डब्ल्यूआरटी५४जीएल’ या नावाने पुन्हा विकावे लागले.

८/ त्याच वर्षी जानेवारीत भारताने २.४ गिगाहर्ट्झ पट्टा परवानामुक्त केला. घरगुती वाय-फायचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

९/ युरोपात मात्र जुना वाद नव्याने पेटला. जर्मनीत अनेक कंपन्या स्वतःचाच राउटर लादत. या सक्तीला तिथे स्वतंत्र शब्दच रूढ झाला : ‘राउटरत्स्वांग’. १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्याने ती संपवली. कंपनीचे जाळे भिंतीवरच्या सॉकेटपाशी संपते. पलीकडचे उपकरण निवडणार ग्राहक.

१०/ पेल्याएवढ्या आवरणापासून राउटरपर्यंत वाद एकच आहे : कंपनीची हद्द कुठे संपते आणि घर कुठे सुरू होते? उपकरण निवडताना वेग आणि किंमत पाहावीच. पण त्याचे पासवर्ड, सेटिंग आणि अपडेट कोणाच्या हाती राहणार, हेही विचारावे. तो हक्क कुणीतरी लढून मिळवलेला आहे.